तुंबलेल्या बेसिनची अर्धी-अर्धी तपासणी

मधून

हॅलोकाका बेसिनखाली आडवे झाले होते. म्हणजे कमरेच्या वरचे हॅलोकाका बेसिनखाली होते आणि कमरेच्या खालचे बाथरूमच्या दाराबाहेर बोळकांडीत, एक चप्पल पायात, दुसरी बेपत्ता. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायचं तर ते पाय ओलांडूनच जावं लागत होतं. त्यांची लेक एकदा ओलांडून गेली आणि काही बोलली नाही. काकू दोनदा ओलांडून गेल्या आणि दोन्ही वेळा बोलल्या.

"अहो, मान आखडेल."

"आखडू दे."

"मग रात्री मला सांगू नका, जरा शेकून दे म्हणून."

काकांच्या तोंडात टॉर्च होता, त्यामुळे "आखडू दे" हे प्रत्यक्षात "आऊ ए" असं बाहेर पडलं होतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात काकूंना टॉर्चमधूनही सगळं समजायचं.

काका आज सकाळपासून दुसऱ्यांदा त्याच जागी त्याच पाइपाकडे बघत होते. पहिल्या वेळी सगळं ठीक निघालं होतं. आताही सगळं ठीक दिसत होतं. आणि हीच तर पंचाईत होती. सगळं ठीक होतं, फक्त पाणी जात नव्हतं.

दुपारी प्लंबर येणार होता.

प्लंबर यायच्या आत पाणी वाहायला लागलं तर काकांची हत्यारांची पेटी घरात राहणार होती. नाही वाहिलं, तर प्लंबर बेसिन दुरुस्त करणार आणि जाताना पेटी घेऊन जाणार. लेकीने फोनवरच त्याला विचारून ठेवलं होतं, "जुनी हत्यारं चालतील का हो तुम्हाला?" आणि तो मेला म्हणाला होता, "चालतील की!"

वरून

बेसिनमधून पाणी जात नव्हतं असं म्हणणं तसं अन्यायाचंच. जात होतं. पण "निघतो, निघतो" म्हणत दारात तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखं जात होतं.

नळ सोडला की

पाणी यायचं,

गोल फिरायचं,

थांबायचं,

जाळीपाशी जाऊन आत डोकावायचं,

विचार बदलायचं,

आणि मग

अगदीच

नाइलाज

झाला

की

उतरायचं. मागे कडेने पेस्टच्या फेसाची पांढरी रेघ सोडून.

"बाबा, मी दात घासते तेव्हा तुमच्या दाढीचा साबण अजून तिथंच असतो," लेक म्हणायची. "आपल्या घरात कुणाचीही आंघोळ, दाढी, चूळ संपतच नाही. सगळं शिल्लक राहतं."

"आज बघतो," काका म्हणायचे.

"तुम्ही बघताय म्हणूनच भीती वाटते."

हे लागायचं. पण लेकीचंही खोटं नव्हतं. काकांनी दाराची बेल दुरुस्त केली तेव्हापासून ती एकदा वाजली की वाजतच राहायची. कुणीतरी धावत जाऊन भिंतीवर चापट मारली की गप्प बसायची. बाथरूमचा नळ त्यांनी बदलला तेव्हापासून लाल खुणेकडे वळवला की गार पाणी आणि निळ्याकडे वळवला की चटका. काका म्हणायचे, "सवयीचा प्रश्न आहे." पाहुण्यांना सवय नसायची. एकदा आतून पाहुण्याची किंकाळी आली होती.

शेवटी कहर झाला तो जेवणाच्या टेबलावर. लेक त्या टेबलावर बसून ऑफिसचं काम करायची, पडद्यावर चार माणसांशी बोलायची. दुसऱ्या टोकाला काका घड्याळं आणि चष्मे दुरुस्त करत बसायचे. सगळ्या बिल्डिंगचे सैल चष्मे त्यांच्याकडे यायचे. एक दिवस तेलाची बाटली लवंडली आणि लेकीच्या कागदांखालून मस्तपैकी पसरली. लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त सांगितलं, "बाबा, उद्यापासून टेबलावर नाही."

टेबल गेलं, म्हणून काका बेसिनपाशी गेले. तिथं आरशावरचा दिवा झकास होता आणि बेसिनच्या काठावर हत्यारं मांडता येत होती. सगळे तयार होऊन बाहेर पडले की काका आत उभे राहून काम करायचे. कुणाला त्रास नको, कुणाची बोलणी नकोत. पेटी तेवढी पायाशी.

आणि आता त्या पेटीवरच गदा आली होती.

खालून

काका नोकरीला होते टेलिफोनच्या खात्यात, फोनच्या तारांमधले दोष शोधायला. खांबावर चढून, खड्ड्यात उतरून, लोकांच्या पलंगाखाली घुसून ते आयुष्यभर "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" एवढंच बोलत आले. नाव काय ते पेन्शनच्या कागदापुरतं उरलं. जगासाठी ते हॅलोकाका.

त्यांच्या कामाची एकच रीत होती, आणि ती त्यांनी कधी सोडली नाही. लांबलचक तारेत दोष आहे, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत बसायचं नाही. तार मधोमध तोडायची. आधी एका बाजूला ऐकायचं, मग दुसऱ्या. ज्या अर्ध्यात खरखर, तो अर्धा पुन्हा मधोमध तोडायचा. असं करत करत दोष इतक्या लहान जागेत कोंडायचा की त्याला हातच वर करावे लागतील.

बेसिन म्हणजे तरी काय? वर तोंड, खाली भिंतीत जाणारा पाइप, आणि मधे बाटलीसारखा दिसणारा ट्रॅप, ज्यात थोडं पाणी कायम साठून राहतं म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. काकांनी तो ट्रॅपच सोडवला. झाले दोन अर्धे.

खालच्या अर्ध्यात, म्हणजे भिंतीतल्या पाइपात, त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. गेलं. गपकन गेलं.

ट्रॅपमध्ये बोट घालून पाहिलं. स्वच्छ. काल त्यांनीच धुतला होता. परवाही.

मग बेसिनच्या खाली बादली ठेवली आणि वरच्या अर्ध्यात पाणी ओतलं.

धबाक! सगळं पाणी एका दमात बादलीत. थोडं काकांच्या बनियनवर.

वरचा अर्धा ठीक. खालचा अर्धा ठीक. मधला भाग ठीक. सगळं जोडलं, नट आवळले, काका ओरडले, "झालं!" काकू फडकं घेऊन आत आल्या, "व्हा बाजूला, काय राडा केलाय, मी जरा हात फिरवते." हात फिरवून झाल्यावर लेक आली, तिने नळ सोडला.

पाणी आलं, गोल फिरलं, थांबलं.

लेक पाण्याकडे बघत राहिली. मग बापाकडे. मग पुन्हा पाण्याकडे.

"बाबा," ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "राहू दे ना. तो येतोच आहे."

हा मऊ आवाज फार वाईट. वरच्या पट्टीतल्या आवाजाशी भांडता येतं. मऊ आवाज म्हणजे सामानाची बांधाबांध सुरू झालीच म्हणायची.

पुन्हा मधून

तर हे दुसऱ्यांदा उघडणं चाललं होतं. या वेळीही काकांनी आधी नेहमीप्रमाणे घोषणा केली होती: "मी बेसिन उघडतोय!" कारण खात्यातली शिस्तच तशी. लाइनवर काम सुरू करण्याआधी समोरच्याला कळवायचं. आणि या वेळीही काकू लगबगीने पुढे आल्या होत्या, "थांबा हो, आधी मी पुसून घेते. तुमचे हात त्या घाणीत नकोत."

पुन्हा खालचा अर्धा: ठीक.

पुन्हा वरचा अर्धा: धबाक.

पुन्हा जोडणी. पुन्हा "झालं!" पुन्हा काकूंचं फडकं. आणि पुन्हा नळ सोडला तर पाण्याचं तेच, जाऊ की नको, जाऊ की नको.

काका बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले. दोष दोन्ही अर्ध्यांत नाही आणि अख्ख्यात मात्र आहे, असं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पायाशी पेटी होती. तिचं झाकण उघडं होतं. लांब नाकाची पक्कड, बारीक पेचकसांचा संच, खांबावर चढून चढून गुळगुळीत झालेला पाना. त्या प्लंबरला यातलं निम्मं काय आहे तेसुद्धा कळणार नाही. तो पेचकसाने रंगाचे डबे उघडेल.

स्वयंपाकघरातून मायलेकींचं बोलणं येत होतं.

"आई, त्यांना वाईट वाटेल, पण एकदाच वाटेल."

"तुला काय कळतंय त्यांना किती वाटेल ते."

"मग काय करू? बेल दाबणाऱ्याला भिंतीला मारायला लावू आयुष्यभर?"

"तू एवढी मोठी झालीस ना, ती त्या पेटीच्या जिवावर. जरा जपून बोल."

"मी काय वाईट बोलले? मी फक्त म्हणते की त्यांनी आता जरा आराम करावा."

"आराम," काकू म्हणाल्या. "त्यांना? पंख्याखाली बसवलं तर पंख्याचा आवाज कुठून येतोय ते शोधायला स्टूल आणतील."

दोघी हसल्या. काकांनाही हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दुपार फार लांब नव्हती.

मग त्यांनी कुणालाही काही न सांगता, घोषणा न करता, आवाज न करता ट्रॅप तिसऱ्यांदा सोडवला. रागावलेला माणूस शिस्त विसरतो, तसे ते विसरले. बादली ठेवली. तांब्या ओतला.

आणि पाणी आलंच नाही.

थेंब. थेंब. मग एक बारीक धार, दाभणाएवढी. मग थेंब.

"हॅलो," काका अगदी हळू म्हणाले.

खात्यात याला फार मान होता. दोष हाताशी जिवंत सापडणं. नाहीतर एरवी माणूस पोचेपर्यंत तो पळून गेलेला असतो. काकांची मान आखडली होती, कोपर सोललं होतं, बनियन पिळून काढण्यासारखं झालं होतं, पण त्या क्षणी कुणी त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मजेत.

वरचा अर्धा. दोष वरच्या अर्ध्यात. मग दोनदा तो धबाक कसा झाला? या वेळी काय वेगळं केलं?

पाना तोच. बादली तीच. तांब्याही तोच. वेगळं एवढंच, की या वेळी ते ओरडले नव्हते.

बाजूने, थोडं जुनं

नोकरीत असताना एका बाईंचा फोन कायम खरखरायचा. तक्रारीवर तक्रारी. माणूस तपासायला गेला की फोन ठणठणीत. माणूस गेला की पुन्हा खरखर. जाऊन आलेले सगळे म्हणाले, बाईंच्या कानातच दोष आहे. शेवटी काकांना पाठवलं.

काका जाऊन बसले. फोन ठणठणीत. निघाले, जिना उतरले, आणि चष्मा विसरला म्हणून न कळवता परत वर गेले. दार उघडंच होतं. बाई शिवणयंत्र ढकलून जागेवर नेत होत्या. पाहुणा येणार, त्याला बसायला जागा नको का, म्हणून त्या दरवेळी दार उघडण्याआधी यंत्र भिंतीकडे सरकवायच्या आणि माणूस गेला की परत आणायच्या. यंत्राचा लोखंडी पाय बरोबर फोनच्या वायरवर.

म्हणजे दोष कुठे होता? आदरातिथ्यात.

बेसिनखाली पाठीवर पडल्यापडल्या काकांना हे आठवलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एक फडकं आलं. उघडण्याआधी फिरणारं. जोडून झाल्यावर फिरणारं. "थांबा हो, आधी मी पुसून घेते."

वरच्याच्या वरून

काका उठले. उठताना डोकं बेसिनला आपटलं. कुणाला कळू नये म्हणून ते कळवळले तेही आतल्या आत. त्यांनी बेसिनच्या तोंडावरची स्टीलची जाळी नखाने उचलली.

जाळीखाली, भोकात नीट दाबून बसवलेली, जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याची एक पिशवी होती. अंगठ्याला घालता येईल एवढी. कडेने दोऱ्याने धावदोरा घातलेला, काठाला धरून ओढता यावं म्हणून छोटी गाठ. टाके काकूंचे. काकूंचे टाके काका अंधारात ओळखतील. पिशवी साबणाने, पेस्टने आणि दाढीच्या केसांनी अशी गच्च झाली होती की तिच्यातून पाणी जाणं म्हणजे पाण्याचाच मोठेपणा.

"सापडला!" असं ओरडायला काकांनी तोंड उघडलं.

पेटी वाचली. दोष त्यांचा नव्हता, पाइपाचा नव्हता, त्यांच्या रीतीचा तर अजिबात नव्हता. दोष घरच्या मंत्रालयात होता. आता ही पिशवी चिमटीत धरून स्वयंपाकघरात जायचं आणि मायलेकींच्या मधोमध टेबलावर ठेवायची. बास.

पण ही बाई बेसिनमध्ये मच्छरदाणी कशासाठी लावते? डास बेसिनमधून थोडेच येतात.

त्यांनी पिशवी तळहातावर उलटी केली.

साबणाच्या लगद्यातून एक बारीक स्क्रू निघाला. चष्म्याचा. मग घड्याळाची एक चपटी चकती. मग आणखी एक स्क्रू, आणि हा तर त्यांना नावानिशी माहीत होता. समोरच्या मावशींच्या चष्म्याच्या डाव्या काडीचा. काल त्यांनी तो काढला होता आणि पेटीतल्या झाकणाच्या डबीत ठेवला होता. ठेवला होता ना? त्यांनी डबी उघडली. रिकामी.

काका कमोडचं झाकण लावून त्यावर बसले.

कुणाचाही चष्मा परत देताना ते एक वाक्य हमखास बोलायचे: "माझ्या पेटीतून आजवर एक स्क्रू हरवलेला नाही." बोलताना जरा मान तिरकी करायचे. खरंही होतं ते. कधीकधी काम करताना एखादा स्क्रू दिसेनासा व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी तो डबीतच असायचा. काका मनात म्हणायचे, बघ, इथंच होता, नजर चुकली.

नजर चुकली नव्हती. बोटं चुकत होती.

त्यांनी उजव्या हाताची चिमूट दिव्याखाली धरली. अंगठा आणि पहिलं बोट. दिसायला ठीक होती. काकांनी मावशींचा स्क्रू त्या चिमटीत पकडला, हवेत धरला, आणि बघत राहिले. स्क्रू आधी जरासा हलला. मग जास्त. मग पडला आणि फरशीवरून टुणटुण करत बादलीमागे गेला. शोधायला त्यांना गुडघ्यावर यावं लागलं.

म्हणजे रोज काम आटोपून काका बाहेर पडले की काकू आत येऊन जाळी उचलत होत्या, पिशवी उलटी करत होत्या, स्क्रू धुऊन डबीत ठेवत होत्या. आज काका तिथून हलतच नव्हते, म्हणून फडक्याआड पिशवी काढून तशीच परत घालण्यापलीकडे त्यांना सवड मिळाली नव्हती. आणि संध्याकाळी ते मान तिरकी करून "एक स्क्रू हरवलेला नाही" म्हणाले की मागे उभ्या राहून म्हणत होत्या, "हो तर! त्यांचं काम चोख असतं."

आणि तेवढ्यात बेल वाजली. वाजली ती वाजतच राहिली.

दारातून

लेक धावली, भिंतीला चापट बसली, बेल गप्प झाली. प्लंबर दारात उभा होता, कानाला हात लावून.

"केवढी ही बेल! मला वाटलं माझंच काहीतरी दाबलं गेलं."

"या, या. बाथरूम इकडे."

काकांनी पिशवी, स्क्रू आणि चकती मुठीत धरली आणि मूठ लेंग्याच्या खिशात घातली. दुसऱ्या हाताने ट्रॅप जोडला, नट आवळले. नट मोठे होते, त्यांना बोटं अजून पुरत होती. प्लंबर, लेक आणि तिच्या मागे काकू अशी मिरवणूक बाथरूमच्या दारात येऊन ठेपली. काकूंच्या हातात फडकं होतं.

"आधी मी जरा पुसून..." काकू म्हणाल्या.

"नको," काका म्हणाले. "नळ सोड."

हे लेकीला होतं. तिने घाईत नळ निळ्याकडे वळवला, चटका बसला, "आई गं!" म्हणत लालकडे वळवला. पाणी पडलं आणि पडल्याबरोबर गेलं. घुटुक घुटुक करत, एकदाही मागे वळून न बघता.

लेकीने नळ आणखी सोडला. पाणी आणखी गेलं.

"वाहतंय की," प्लंबर म्हणाला. त्याने पायाशी असलेल्या पेटीकडे एक नजर टाकली आणि एक उसासा टाकला. "पण नळ उलटा बसलाय तुमचा."

"तो तसाच आहे," काका म्हणाले.

"बाबा!" लेकीचा चेहरा उजळला होता, तिला खरंच आनंद झाला होता. "जमलं की! काय होतं?"

काका काकूंकडे बघत होते. काकू जाळीकडे बघत होत्या. जाळी जरा तिरकी बसली होती. मग त्यांची नजर काकांच्या खिशाकडे गेली, खिशातल्या मुठीकडे. एवढ्या वर्षांत त्यांनी टॉर्चमधून, बंद दारातून, घोरण्यातून काकांचं बोलणं ऐकलं होतं. खिशातून ऐकणं काय अवघड?

"साबण," काका म्हणाले. "साबण साठला होता."

"ठीक. पेटी राहिली," लेक म्हणाली. "पण बाबा, पुन्हा तुंबलं तर मात्र..."

"आता नाही तुंबणार," काकू घाईने म्हणाल्या. "मी सांगते ना. आता कधी नाही तुंबणार."

त्या वाक्याचा अर्थ या घरात फक्त दोघांना कळला होता. काकू पिशवी पुन्हा लावणार नव्हत्या. पेटी राहावी म्हणून. आणि मग उद्या मावशींचा स्क्रू पडेल तो सरळ भिंतीत जाईल, परवा आणखी कुणाचा, आणि एक दिवस बिल्डिंगमधलं कुणीतरी एका काडीचा चष्मा नाकावर सावरत म्हणेल, हॅलोकाकांचं आता वय झालं हो. पेटी घरात राहील आणि तिच्याकडे काम यायचं थांबेल. त्यापेक्षा ती प्लंबरने नेलेली बरी.

"तुंबणार," काका म्हणाले.

"काय?"

"पुन्हा तुंबणार." त्यांनी मूठ बाहेर काढली आणि बेसिनच्या काठावर पिशवी, चकती आणि दोन स्क्रू ठेवले. ठेवताना एक गडगडला. प्लंबरने तो झेलला. "हे बघ. स्क्रू पडतात माझ्या हातून. तुझी आई ते पकडते. पकडायचे म्हणजे जाळं लावावं लागतं. जाळं लावलं की पाणी थांबतं. एवढाच दोष आहे."

प्लंबरने झेललेला स्क्रू हळूच काठावर ठेवला आणि जिन्यातला मुख्य नळ बघून येतो म्हणून सटकला. त्या नळाला काही झालं नव्हतं.

"कधीपासून, आई?" लेकीने विचारलं.

"तू टेबलावरून हाकललंस ना, तेव्हापासून. टेबलावर पडायचे तर जमिनीवर सापडायचे. केर काढताना मिळायचे. बेसिनमध्ये केर कसा काढायचा?"

"आणि मला सांगायचं नाही?" हे काका.

"काय सांगायचं? तुम्ही म्हणायचात, एक स्क्रू हरवला नाही. खरंच होतं ना? हरवला कुठं एकही?"

"अगं पण मी म्हणायचो आणि तू मागे उभी राहून..."

"मग काय पुढे उभी राहू?"

काकांना हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांचं काहीतरी झालं. त्यांनी बनियनच्या कोरड्या कोपऱ्याने ते पुसलं. कोपरा कोरडा नव्हता.

लेक मच्छरदाणीच्या पिशवीला हात न लावता तिच्याकडे बघत होती. धावदोरा, गाठ. मग तिने बापाच्या हाताकडे पाहिलं. काकांनी हात मागे घेतला नाही.

"मग आता काय?" ती म्हणाली. आवाज मऊ नव्हता. मोकळा होता, भांडता येण्यासारखा.

"बेसिन तुझं," काका म्हणाले. "मी तिथं काम करणार नाही. मला टेबल पाहिजे."

"बाबा, माझं ऑफिस आहे तिथं! तेल सांडतं!"

"तेल आई धरेल."

"मी धरते," काकू म्हणाल्या. "आणि खाली परात ठेवते. काठाची. पडला तर परातीत पडेल."

"आणि परातीत पडला की आवाज होईल! माझ्या मीटिंगमध्ये! लोक विचारतील!"

"विचारू देत," काका म्हणाले. "सांग त्यांना काय सांगायचं ते. लपवण्यासारखं काय आहे? पडतो तर पडतो."

लेकीने तोंड उघडलं. तिच्याकडे मुद्दे होते, चांगले तीन-चार. पण त्यातला कुठलाच तिला त्या मच्छरदाणीसमोर मांडवेना.

"मधे बोलायचं नाही," शेवटी ती म्हणाली. "एक शब्द नाही."

"हॅलोसुद्धा नाही?"

"बाबा!"

टेबलावरून

प्लंबर चहा पिऊन गेला. जाताना बेलपाशी जरा थांबला, तिच्याकडे बघितलं आणि दाबायचं टाळून निघून गेला.

समोरच्या मावशी दोनदा येऊन गेल्या होत्या, चष्मा डाव्या हाताने कानाशी दाबून. तिसऱ्यांदा त्यांना काकूंनी आत बसवलं.

टेबलाच्या एका टोकाला लेक, कानात तारा, पडद्यावर चार चौकोन आणि चार चेहरे. दुसऱ्या टोकाला काका, त्यांच्यासमोर टेबलावर परात, परातीपलीकडे काकू, तेलाची बाटली दोन्ही हातांत धरून, जणू ती आत्ता उडी मारणार आहे. मावशी खुर्चीत बसून डोळे बारीक करून सगळ्यांकडे बघत होत्या. त्यांना फक्त ठिपके दिसत होते.

काकांनी काडी चौकटीला लावली. भोकं जुळवली. श्वास रोखला. चिमटीत स्क्रू धरला आणि हळू, फार हळू पुढे नेला. बोटं थरथरली.

टिंग!

परात काकूंची होती, दणकट पितळेची. आवाज सगळ्या खोलीत घुमला. पडद्यावरचे चार चेहरे एकदम वर झाले.

"हा कसला आवाज?" त्यातल्या एका चेहऱ्याने विचारलं. "तुमच्याकडे काही पडलं का?"

काकांची चिमूट हवेत तशीच राहिली. काकूंनी बाटली छातीशी धरली. लेकीचा हात आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला होता. तो तिथं थांबला. तिने टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

"हो, स्क्रू पडला. आमच्याकडे काम चालू आहे," ती म्हणाली आणि हात मागे घेतला. "आणखीही पडतील. तुम्ही बोला पुढे."

काकूंनी बोटाचं टोक ओलं केलं, परातीतला स्क्रू त्यावर अलगद उचलला आणि काकांपुढे धरला.